बचावाची साखळी सरावातच तुटते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने सुरू झाले की नाशिकमध्ये वादाला तोंड फुटते. शिवाजी स्टेडियमच्या पायऱ्यांपासून कॉलेज रोडच्या चहाच्या टपऱ्यांपर्यंत एकच विषय: चढाईला इतकी तयार पोरं असताना आपल्या शहरातले संघ उत्तरार्धात का कोलमडतात? एक गट म्हणतो, डावा कोपरा, म्हणजे बचावफळीच्या डाव्या टोकाचा गडी, बदला. दुसऱ्याचा राग पंचांवर, लॉबीचे, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीचे, निर्णय त्यांनी फुकट दिले म्हणून. तिसऱ्याचे मत, पोरांत वजन नाही, त्यामुळे पकडी सुटतात. तिन्ही मते पोटतिडकीने मांडली जातात, पण दुखण्याच्या मुळाशी एकही पोहोचत नाही. पकडी सुटणे आणि नियमभंगाने गडी गमावणे या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. कोपरा, त्याच्या शेजारचा इन आणि मधल्या बाजूचे कव्हर यांची हात धरून केलेली साखळी सरावात बसलेलीच नसते. ती का बसत नाही आणि कशी बसवता येईल, हे तपशिलाने मांडण्यासाठी हे पत्र.

आधी मैदानाचे माप पाहू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. या १० मीटरमध्ये दोन्ही बाजूंची एकेक मीटरची लॉबी धरलेली आहे. झटापट सुरू होईपर्यंत, म्हणजे चढाईपटू आणि बचावपटू यांचा स्पर्श होईपर्यंत, खेळायला मिळते ती फक्त ८ मीटर रुंदी. मध्यरेषेपासून निदान रेषा, म्हणजे चढाईपटूने ओलांडायची पहिली रेषा, ३.७५ मीटरवर, तिच्या मागे एक मीटरवर जादा गुणाची बोनस रेषा आणि तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात १.७५ मीटर. सात गड्यांची साखळी एवढ्याच जागेत हलायची असते. मुलींच्या मैदानात तर आणखी अडचण. १२ बाय ८ मीटरच्या मैदानातून लॉबी वजा केली की झटापटीआधी ६ मीटर रुंदी उरते आणि निदान रेषा ३ मीटरवर येते.

आता आपल्याकडची सरावाची मैदाने आठवून पाहा. फक्की पडते ती बाहेरच्या चौकटीवर आणि मध्यरेषेवर. फार तर निदान रेषा आखली जाते. लॉबीची रेषा बहुतेक ठिकाणी नसतेच, किंवा पहिल्या दोन दिवसांत पुसली जाते आणि पुन्हा कोणी मारत नाही. महिनाभर अशा मैदानावर खेळलेल्या कोपऱ्याच्या पायाला १० मीटर रुंदीची सवय लागते. सामन्याच्या दिवशी मॅटवर लॉबी वेगळ्या रंगात समोर दिसते, पण नजर चढाईपटूच्या पायावर खिळलेली असते आणि स्वतःचा पाय सवयीने बाहेर पडतो. स्पर्श होण्याआधीच लॉबीत गेला म्हणून गडी बाद. प्रेक्षकांतून लगेच ओरडा होतो की पंच विकले गेले. बाजूच्या रेषेवर उभ्या असलेल्या पंचाला जे दिसते, ते वीस-पंचवीस मीटरवरच्या पायरीवरून दिसत नाही. मैदानावर सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक असे सहा अधिकारी असतात आणि लॉबीकडे पाहणे हे बाजूच्या पंचाचे मुख्य कामच आहे. चुका त्यांच्याकडूनही होतात. पण दर सामन्यात एकाच संघाचा एकच कोपरा बाहेर जात असेल, तर ती पंचाची चूक म्हणता येणार नाही.

यात एक बारकावा आहे, जो खेळाडूंनाही अनेकदा ठाऊक नसतो. मैदानावरची प्रत्येक रेषा ३ ते ५ सेंटीमीटर रुंद असते आणि ती मैदानाचाच भाग मानली जाते. रेषेवर पाय असलेला गडी आत असतो. रेषेपलीकडच्या जमिनीला बोट जरी लागले तरी तो बाहेर. त्यामुळे कोपऱ्याने रेषेला टाच लावून उभे राहणे नियमात बसते, पण ते शहाणपणाचे नाही. चढाईपटू समोरून आडवा पळाला की इन त्या बाजूला सरकतो, हात धरलेला असल्याने साखळी कोपऱ्याला बाहेर रेटते आणि त्याला मागे घ्यायला जागाच उरत नाही. बाहेरचा पाय रेषेच्या एक पाऊल आत ठेवला, तर हा रेटा झेलता येतो. रेषेकडे पाहण्याची जबाबदारीही इनची असायला हवी. कोपऱ्याचे डोळे चढाईपटूवर असतात, म्हणून इनने ‘आत’ एवढाच आवाज द्यायचा. आपल्या कित्येक संघांत बचाव करताना कोणी बोलतच नाही.

लॉबीचा नियम किती महागात पडू शकतो, हे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला सगळ्या देशाने पाहिले. आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत असताना भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कोणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला आणि त्याच्या पाठोपाठ इराणचे बचावपटूही गेले. कोण बाद आणि गुण किती, यावरून खेळ बराच वेळ थांबला. शेवटी भारताने ३३-२९ असा विजय मिळवला. त्या संघात आपल्या नाशिकचा आकाश शिंदे होता. जगातल्या उत्तम बचावफळींपैकी एक असलेली इराणची साखळी ऐन मोक्याला चढाईपटूमागे लॉबीत ओढली जाते, तर लॉबी न आखलेल्या मैदानावर शिकलेल्या पोरांचे काय होणार? त्या दिवशीचा वाद नियमाच्या दोन वेगवेगळ्या अर्थांवरून झाला होता. म्हणून महाविद्यालयीन स्पर्धेतही नाणेफेकीपूर्वीच कर्णधाराने सरपंचांना विचारून घ्यावे की चढाईपटू स्पर्शाविना लॉबीत गेला आणि मागून बचावपटू गेले, तर गुण कसे दिले जातील. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण करणारे कर्णधार फार थोडे.

आता पकडीकडे. आपल्याकडे बहुतेक संघ २-३-२ अशी मांडणी करतात. दोन्ही टोकांना कोपरा आणि इन यांची जोडी, मध्ये दोन कव्हर आणि त्यांच्यामध्ये एक गडी, जो बहुधा मुख्य चढाईपटूच असतो. हात धरायची पद्धतच अनेकांची चुकते. बोटांत बोटे गुंतवली की झटक्यात हात सुटत नाही आणि बोट मोडते ते वेगळेच. चार बोटांची आकडी करून धरले तर पकड टिकते आणि हवी तेव्हा सुटते. चढाईपटूच्या पायावर झेपावताना कोपऱ्याला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून हे सुटणे महत्त्वाचे.

घोट्याची पकड फसते त्याची कारणे ठरलेली आहेत. पहिले कारण घाई. चढाईपटू अजून दोन्ही पायांवर तोलून उभा आहे, त्याने पाय पुढे टाकलेला नाही आणि कोपरा झेपावतो. असा चढाईपटू एका उडीत सुटतो. ज्या क्षणी त्याने पाय पुढे टाकला आणि अंगाचा भार त्या पायावर आला, तोच पकडीचा क्षण. दुसरे कारण डोक्याची जागा. डोके चढाईपटूच्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला हवे. ते दोन पायांच्या मध्ये किंवा गुडघ्यासमोर गेले तर तोंडावर गुडघा बसतो आणि एकदा तो मार खाल्लेला मुलगा पुढच्या वेळी अर्ध्या मनाने झेपावतो. तिसरे म्हणजे ओढायची दिशा. घोटा छातीशी घेऊन मागे, स्वतःच्या अंतिम रेषेकडे ओढायचा असतो. आपली मुले बाजूला ओढतात. त्यामुळे चढाईपटूला मध्यरेषेच्या दिशेने वळायला जागा मिळते, तो तिथून अंग लांब करतो आणि हात टेकवतो. वजनाचा मुद्दा इथे येतच नाही. धडक देऊन बाहेर काढताना वजन कामी येते हे खरे, पण कोपऱ्याच्या पकडीत वेळ आणि कोन या दोन गोष्टी वजनापेक्षा मोठ्या आहेत.

आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे मदत उशिरा येते, किंवा चुकीच्या बाजूने येते. कोपऱ्याने पाय धरला की त्या बाजूच्या कव्हरने चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये शिरायचे असते. आपल्याकडे कव्हर मागून कंबरेला मिठी मारतो. मागून धरलेला चढाईपटू पुढेच पडतो आणि पुढे मध्यरेषा असते. त्याहून वाईट म्हणजे तिसरा आणि चौथा गडी उत्साहाने वरून पडतो. चढाईपटूचा हात मध्यरेषेला लागला की अंगाला लागलेले सगळे बाद. एका गुणाचे नुकसान चार गुणांवर जाते आणि पाठोपाठ लोण, म्हणजे सगळा संघ बाद होण्याची पाळी, येतो. यावर साधा दंडक हवा: चढाईपटू मध्यरेषेपासून हात पुरेल इतक्या अंतरावर आला, की ज्याचा स्पर्श झालेला नाही त्याने हात मागे घ्यायचा. ऐन सामन्यात हे आपोआप सुचत नाही, त्याचा सराव करून घ्यावा लागतो.

मध्यरेषा ओलांडण्याचा दोषही इथूनच येतो. चढाई संपण्याआधी बचावपटूच्या अंगाचा कोणताही भाग मध्यरेषेपलीकडच्या जमिनीला लागला तर तो बाद, आणि त्याने केलेली पकडही धरली जात नाही. मागून ढकलत नेणाऱ्या संघाचे गडी असे हमखास जातात. केस किंवा जर्सी धरणे, पायांची कात्री घालणे, तोंड दाबून दम तोडणे यांतही चढाईपटू नाबाद ठरतो आणि वर कार्डाची भीती. हिरवे कार्ड ताकीद देऊन थांबते, पिवळ्या कार्डात गडी दोन मिनिटे बाहेर बसतो. ती दोन मिनिटे साखळीत एक कडी कमी घेऊन खेळायची. जर्सीला हात जातो तो बहुतेक वेळा पहिली पकड उशिरा झाल्यावरच, पळणाऱ्याला जे हाताला लागेल ते धरताना. मूळ वेळ साधली तर हा प्रसंगच येत नाही.

नुकसानीचा हिशेबही प्रेक्षकांनी नीट मांडायला हवा. तांत्रिक गुण आणि बोनस गुण यांनी समोरच्याचा बाद गडी उठत नाही, म्हणजे पुन्हा मैदानात येत नाही. आपला गडी बाद झाला, तर मात्र समोरच्यांना गुणही मिळतो आणि त्यांचा एक गडी जिवंतही होतो. म्हणजे ‘कबड्डी’चा उच्चार उशिरा सुरू केल्याने किंवा पुढची चढाई ५ सेकंदांत न पाठवल्याने तांत्रिक गुण गेला, तर ते चिडचिड व्हावी असेच, पण तुलनेने स्वस्त. कोपरा लॉबीत जाऊन स्वतःहून बाद होणे त्याच्या दुप्पट महाग. पायऱ्यांवर नेमके उलटे दिसते. तांत्रिक गुणावर आरडाओरडा होतो आणि लॉबीतला गडी ‘चालायचंच’ म्हणून सोडून दिला जातो.

डावा कोपरा बदला म्हणणाऱ्यांसाठी एक प्रश्न. तो कोपरा बाद होऊन बाहेर बसतो, तेव्हा त्याच्या जागी कोण खेळतो? गडी उठतात ते ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने. त्याच्याआधी दोन गडी बाहेर बसलेले असतील, तर समोरचे तीन गडी बाद होईपर्यंत तो आत येत नाही. तोवर बहुतेक महाविद्यालयीन संघांत इन घाबरत घाबरत कोपऱ्यात सरकतो, किंवा चढाईपटूला तिथे उभे केले जाते. दुसऱ्या कोपऱ्याची तयारीच केलेली नसते. उत्तरार्धातला बचाव कोसळतो तो अशा वेळी, आणि दोष मात्र बाहेर बसलेल्या मुलाला दिला जातो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो, म्हणून तिघेही तुटून पडतात हेही नेहमीचे. ८ मीटरमध्ये तिघांची साखळी होत नाही. दोन टोके आणि मध्ये एक, असे मागे थांबून ३० सेकंदांच्या चढाईतील पहिली १५ सेकंदे जाऊ द्यावीत. दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत चढाईपटूला गुण घ्यावाच लागतो. मग तो स्वतःहून आत शिरतो आणि तेव्हा पकडीची संधी खरी असते.

हे सगळे सांगितल्यावर प्रश्न उरतो की सराव का होत नाही. चढाईचा सराव एकट्याने करता येतो. साखळीला मात्र तीच चार-पाच मुले रोज एका वेळी मैदानावर लागतात. आपल्याकडची मुले सिन्नर, दिंडोरी, निफाडहून येतात. कोणाचे प्रात्यक्षिक दुपारी, कोणाची एसटी साडेपाचची. पाऊस उघडेपर्यंत मैदानात चिखल, आणि उघडला की सामने तोंडावर आणि मागोमाग सत्र परीक्षा. मग हाती येतील त्या मुलांना घेऊन चढाया काढल्या जातात. क्रीडा संचालकांना एक सुचवावेसे वाटते. कोपरा आणि इन यांची जोडी निवडताना वेळापत्रकही पाहा. एकाच वर्गातली किंवा एकाच बसने येणारी दोन मुले उंचीने थोडी कमी असली तरी जोडी म्हणून सरस ठरतात. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात पुणेरी पलटण विजेती झाली, त्यात शादलू आणि गौरव खत्री हे कोपरे, अबिनेश नादराजन आणि संकेत सावंत हे कव्हर हंगामभर एकमेकांसोबत खेळत राहिले, हा मोठा वाटा होता. आपण एका पराभवानंतर कोपरा बदलतो, दुसऱ्यानंतर कव्हर.

सरावाची आखणीही अवघड नाही. मैदान आखताना १३ बाय १० चा आयत धरून दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही १६.४० मीटर आले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. मग लॉबी, निदान आणि बोनस रेषा मारायच्या आणि दर दोन दिवसांनी पुन्हा फक्की टाकायची. पहिला आठवडा पकड करायचीच नाही. चढाईपटूने ३० सेकंद नुसते फिरायचे, कोपरा-इन जोडीने त्याच्याबरोबर सरकायचे आणि बाजूला उभ्या राखीव खेळाडूने पाय किती वेळा लॉबीत गेला तेवढे मोजायचे. एका जोडीला दहा फेऱ्या, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. हा आकडा शून्यावर आला की घोट्याची पकड, आधी चालत्या चढाईपटूवर आणि मग पूर्ण वेगात. त्यानंतर कव्हरची मदत: कोपऱ्याने धरले की कव्हरने मध्यरेषेच्या बाजूने शिरायचे आणि बाकीच्यांनी जागा सोडायची नाही. शेवटी मुद्दाम पहिला कोपरा बाहेर बसवून दुसऱ्यासह हेच सगळे पुन्हा.

मॅटचा प्रश्न वेगळा. एक मीटर चौरसाचे खाचेदार तुकडे जोडून मॅट होते, म्हणजे नुसत्या मैदानालाच १३० तुकडे लागतात, कडेची मोकळी जागा सोडून. प्रत्येक महाविद्यालयाला ते परवडणार नाही. पण मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो आणि मॅटवर बुटाचा तळ चिकटतो. मातीवर धरलेला चढाईपटू सरकत येतो, मॅटवर तो रोवून उभा राहतो आणि धरणाऱ्याच्या खांद्याला, त्याच्या स्वतःच्या गुडघ्याला झटका बसतो. सामने मॅटवर असतील, तर आधीच्या दोन आठवड्यांत निदान काही सत्रे मॅटवर व्हायलाच हवीत. मॅट असलेल्या शहरातल्या संस्थांनी आणि पंचवटीतल्या मीनाताई ठाकरे क्रीडा संकुलाने हंगामापूर्वी महाविद्यालयांना ठरावीक वेळा वाटून दिल्या, तर हे शक्य आहे.

शेवटी एक विनंती आपल्या वृत्तपत्राला. महाविद्यालयीन सामन्याच्या बातमीत चढाईपटूंची नावे आणि त्यांचे गुण येतात, ते यावेतच. त्यांच्याखाली तीन आकडे आणखी छापावेत: संघाने यशस्वी केलेल्या पकडी, स्पर्शाशिवाय स्वतःहून बाद झालेले गडी आणि दिलेले तांत्रिक गुण. गुणलेखकाच्या तक्त्यावरून ते सामना संपताच काढता येतात, त्यासाठी वेगळा माणूस नेमावा लागत नाही. येत्या विभागीय सामन्यांपासूनच ही सुरुवात व्हावी.

आपला,
एक कबड्डीप्रेमी वाचक,
पंचवटी, नाशिक